पूररेषा नगरपरिषदेने आखलेली नाही

चिपळुणात पावसाळा जवळ आला की एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. नगरसेवकांनी निळी आणि लाल पूररेषा मारून निम्मे शहर बांधकामाला बंद केले, निळ्या रेषेतील घराची आता साधी दुरुस्तीही करता येणार नाही, आणि वाशिष्ठी नदीतला गाळ काढण्याचे स्वतःचे काम मात्र नगरपरिषदेने टाळले, असा त्याचा आशय असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. जुलै 2005 आणि जुलै 2021 या दोन्ही पुरांत ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांत आमचेही घर होते. तरीही या मजकुराला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण चुकीच्या कार्यालयात नेलेली तक्रार तिथेच पडून राहते आणि ज्याने निर्णय घेतला त्याला कोणी जाब विचारत नाही.

पहिला मुद्दा रेषेचा. पूररेषा आखण्याचे काम राज्य शासनाच्या जलसंपदा विभागाचे आहे. सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने दाखवतात आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने. नगरपरिषद ही रेषा नकाशावर घेते आणि बांधकाम परवानगी देताना पाळते. ती पुढेमागे सरकवण्याचा अधिकार तिला नाही. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही गैरसमज वाढवला आहे. दोन मोठे पूर 16 वर्षांच्या अंतराने आले, म्हणजे रेषाच खोटी, असे अनेक जण म्हणतात. त्या शब्दांचा अर्थ इतकाच की, तेवढ्या उंचीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असते. यंदा आला म्हणून पुढची 99 वर्षे तो येणार नाही, अशी हमी त्यात नाही.

‘नगरसेवकांनी’ हा शब्द तर तारखांवरही टिकत नाही. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहाची मुदत 2021 च्या अखेरीस, म्हणजे महापुरानंतर पाचच महिन्यांत संपली आणि पुढचे मतदान थेट डिसेंबर 2025 मध्ये झाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन संविधानाच्या अनुच्छेद 243-यू मध्ये असताना, शहर सावरण्याचे निर्णय ज्या वर्षांत व्हायचे होते त्या वर्षांत कारभार प्रशासकाकडे होता. मतदाराला ज्याच्या घरी जाऊन जाब विचारता येईल असा नगरसेवकच तेव्हा नव्हता, आणि माझ्या मते या शहरावरचा हा मोठा अन्याय आहे. तो सोडून नसलेल्या नगरसेवकांवर राग काढला जातो, याचे मला वाईट वाटते.

दुरुस्तीबाबतचा दावा सर्वांत जास्त भीती पसरवणारा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. गिलावा, लादी, रंग अशा किरकोळ दुरुस्तीला बांधकाम परवानगी लागतच नाही. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ आणि निळी रेषा यांमधल्या जागेत नवीन बांधकामास मनाई आहे; उद्यान, वाहनतळ, ओट्यांचा खुला भाजीबाजार अशा मोजक्या वापरांना मुभा आहे. मात्र त्या पट्ट्यात आधीपासून असलेल्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास जलसंपदा विभागाच्या ना-हरकत दाखल्याने करता येतो. अट अशी की, बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंच असले पाहिजे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यातही याच उंचीवर परवानगी मिळू शकते. म्हणजे सरसकट बंदी नाही.

पण ही अट बाजारपेठेतल्या छोट्या दुकानदाराला परवडणारी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. जिथे लाल रेषेची पातळी रस्त्यापेक्षा पुरुषभर किंवा त्याहून उंच आहे, तिथे या अटीचा अर्थ खाली नुसते खांब आणि दुकान वरच्या मजल्यावर असा होतो. किराणा किंवा कापडाच्या दुकानाचे गिऱ्हाईक जिना चढून येत नाही. खरी अडचण ही आहे आणि ती मांडायची ती नगरविकास आणि जलसंपदा या दोन विभागांपुढे. बंदीची अफवा पसरवली की या खऱ्या अडचणीतला जोर जातो.

गाळाचा मुद्दा थोडक्यात संपतो. वाशिष्ठीच्या पात्रातला गाळ काढणे नगरपरिषदेच्या आवाक्यातही नाही आणि अधिकारातही नाही. 2021 च्या अखेरीस नागरिकांनी त्यासाठी साखळी उपोषण केले ते शासनाला उद्देशून होते आणि त्यानंतर जलसंपदा विभागाच्या यंत्रणेने गाळ उपसला. कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीत येते, त्या पाण्याचे वेळापत्रकही शहराच्या हाती नाही.

नगरपरिषदेची जबाबदारी मात्र यातून संपत नाही. 1965 च्या नगरपरिषदा अधिनियमाने गटारे व पाण्याचा निचरा ही तिची आवश्यक कर्तव्ये ठरवली आहेत. सह्याद्रीवरून काही तासांत खाली येणारे पाणी आणि गोवळकोटच्या खाडीतून वर चढणारी भरती यांची गाठ शहराच्या उंबरठ्यावर पडते. अशा वेळी शहरातले पाणी जिथून बाहेर पडायचे ते पऱ्ये (ओढे) आणि मोऱ्या मोकळ्या नसतील, तर त्याचा दोष जलसंपदा विभागाला देता येणार नाही. सखल जागेत भराव टाकून दिलेल्या परवानग्यांचा हिशेबही नगरपरिषदेनेच द्यायचा आहे. नव्या सभागृहाकडे माझी पहिली मागणी साधी आहे: पूरक्षेत्रातल्या प्रत्येक गल्लीत लाल रेषेची पातळी रस्त्यापासून किती फूट येते हे मोजून वॉर्डनिहाय फलकावर जाहीर करावे, आणि मे महिना संपण्याआधी कोणत्या पऱ्यातला किती गाळ काढला याची यादी त्याच फलकावर लावावी.