रेडीमेड कपड्यांच्या लेबलवर सीटचं, म्हणजे नितंबांचं, माप छापायला काय जातं या कंपन्यांचं?

वैताग आलाय अक्षरशः. कंबर ३० आणि सीट ४२ अशी बाई काय जगात मी एकटीच आहे का? माझी आई अशी, दोन्ही मावश्या अशा, लोकलच्या लेडीज डब्यात नजर फिरवली तर निम्म्या बायका अशाच दिसतात, मग हे कपडे नक्की कोणासाठी शिवतात? जीन्स सीटला बसेल अशी घेतली की कंबरेला मागे एवढी गॅप पडते की खाली बसताना एक हात कायम मागे टॉप ओढायला, आणि कंबरेची घेतली तर ती मांडीच्या वर सरकत नाही. कुर्तीचं तर विचारूच नका. खांद्याला मस्त, छातीला मस्त, आणि सीटवर आली की अडकली, साइडचे कट फाकतात आणि पोटावर घड्या गोळा होतात. एक साइज मोठी घ्या मग, तर खांदे उतरतात, मुंढा (बाही जोडतात तो गोल) खाली येतो, गळा एवढा मोठा की वाकायची सोय नाही.

वर दुकानातली मुलगी म्हणते, "ताई, डबल एक्सेल घ्या आणि अल्टर करा." अहो, अल्टर म्हणजे बाही उसवायची, खांदा कापायचा, मुंढा परत बसवायचा, दोन्ही बाजू आत घ्यायच्या, त्यापेक्षा नवीन शिवलेला परवडला! आणि लहान साइज सैल करू म्हटलं तर टेलर आतली शिवण उलटी करून दाखवतो, मॅडम यात माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, सोडलेलीच नाही, उसवू कुठून. अर्धा इंच कापड वाचवतात हे लोक आणि किंमत मात्र पूर्ण घेतात.

याचं कारणही काही गूढ नाहीये. एका साइजचा नमुना बनवतात, तो एका ठरावीक बांध्याच्या मॉडेलवर किंवा डमीवर बसवून बघतात, आणि बाकीच्या साइज त्याच कागदावरून ठरलेले इंच वाढवून काढतात, छाती दोन इंच वाढली की कंबरही दोन आणि सीटही दोन. म्हणजे छाती ३६ असली की सीट किती असायची हे आधीच ठरवून मोकळे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये साइज ठरवायला जवळपास १५,००० बायकांची मापं घेतली होती, त्यात गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबात धरलीच नाहीत, त्यावर १९५८ मध्ये स्टँडर्ड काढलं आणि १९८३ मध्ये तेही मागे घेतलं. आणि आपण अजून परदेशी तक्त्यांवरून उचललेले स्मॉल-मीडियम-लार्ज घालतोय. आपल्याकडे निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये इंडियासाइज जाहीर केलं, मुंबईसकट सहा शहरांत २५,००० लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची म्हणून, मला किती आनंद झाला होता! पण दुकानातल्या हँगरवर आजही तेच एस, एम, एल.

नवऱ्याच्या पँटवर मात्र कंबर इंचात लिहिलेली असते, लांबी दुकानातच फुकट कापून देतात, तो दहा मिनिटांत बाहेर. मी ट्रायल रूममध्ये घामाघूम, एका दुकानात जी एल होते ती शेजारच्या दुकानात एक्सेल.

आणि एवढं होऊन ऐकायचं काय, तर "थोडं वजन कमी करा ना." हाडं कमी करू का? कमरेची हाडं रुंद आहेत माझी, बारीक होते तेव्हाही कंबर आणि सीटमधला फरक हाच होता, फक्त दोन्ही आकडे लहान होते. कॉलेजला असल्यापासून मी शरीर लपवायला लांब ओढण्या घेत आले, कारण कपडा बसला नाही की दोष माझाच असं सगळ्यांनी मिळून डोक्यात भरवलेलं. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरी ट्रायल रूममधून रडवेल्या तोंडाने बाहेर येताना बघते तेव्हा डोकं फिरतं माझं.

शिवून घे म्हणणाऱ्यांनो, चांगला टेलर दिवाळीच्या दीड महिना आधी ऑर्डर बंद करतो आणि साध्या कुर्त्याची शिलाई कापडापेक्षा जास्त होते. आणि जीन्स कोण शिवून देणार? छाती, कंबर, सीट, तिन्ही मापं इंचात छापा लेबलवर, आणि शिवणीत एक इंच माया सोडा. बाकी आमचं आम्ही बघतो.