जुन्या गिऱ्हाइकाने जास्त का भरायचं?

नमस्कार,

ब्रिटनमधल्या मोटार आणि घरविम्यात कंपन्या जुन्या ग्राहकांकडून नव्यांपेक्षा जास्त हप्ता घेत आणि तिथल्या नियामकाने ते थांबवलं, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दरवर्षी चार ठिकाणी भाव विचारायचा कंटाळा करणाऱ्याला जास्त पैसे पडले तर त्यात अन्याय कसला? नियामकाने मध्ये पडून नव्या ग्राहकांच्या सवलती तेवढ्या घालवल्या. आणि आपल्याकडे भारतात मोटारविम्यात नो क्लेम बोनस (वर्षभर क्लेम केला नाही तर हप्त्यात मिळणारी सवलत) असल्यामुळे जुन्या ग्राहकाचा फायदाच होतो.

विम्याचा हप्ता जोखमीवर ठरतो, असं कंपन्याच सांगतात. मग तेच घर, तीच गल्ली, एकही क्लेम नाही, तरी दहा वर्षं टिकलेल्या माणसाला काल आलेल्यापेक्षा जास्त हप्ता का? जोखीम होती तेवढीच आहे. बदलला तो कंपनीचा अंदाज: हा काही सोडून जाणार नाही! पहिल्या वर्षी पदरमोड करून स्वस्तात पॉलिसी द्यायची आणि पुढे दर रिन्यूअलला थोडी थोडी चढवायची. कोण किती वाढ निमूट सोसेल, याचं गणित संगणक मांडतो. गुडघे दुखतात म्हणून पुढच्या गाळ्यापर्यंत न जाणाऱ्या आजींना भाजीवाल्याने मेथीची जुडी महाग लावावी, तसं हे.

आणि हे सगळे आळशीच होते म्हणाल, तर तेही खरं नाही. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या पाहणीप्रमाणे 2018 मध्ये असे चढे हप्ते भरणारे साधारण 60 लाख पॉलिसीधारक होते. त्यांनी आपल्या जोखमीच्या लोकांइतकाच सरासरी हप्ता भरला असता, तर 120 कोटी पौंड वाचले असते. चढे हप्ते भरणाऱ्यांपैकी तीनातला एक कुठल्या ना कुठल्या अडचणीतला होता, पैशाचे व्यवहार नीट न जमणारे लोकही त्यात आले. आपोआप रिन्यू होणारी पॉलिसी बंद करायला फोनवर ताटकळत बसावं लागे, ते वेगळंच. (मी स्वतः दरवर्षी भाव विचारतो. ते मला जमतं, एवढंच.)

सवलतींचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. 1 जानेवारी 2022 पासून घर आणि मोटार विम्यात जुन्या ग्राहकाला, त्याच मार्गाने येणाऱ्या नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावता येत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाची खिरापत आटली, आणि ती आटणार हे नियामकालाही ठाऊक होतं. पण ती खिरापत वाटली जात होती कोणाच्या खिशातून? 2023 मध्ये मोटारविम्याचा सरासरी हप्ता 25 टक्क्यांनी वाढून 543 पौंडांवर गेला, त्याचं खापर मात्र या नियमावर फोडू नका. सुटे भाग, दुरुस्तीची मजुरी, जुन्या गाड्यांच्या किमती, सगळंच त्या काळात भडकलं होतं.

माझी तक्रार उलटी आहे: नियम तोकडा आहे. किमतीचं बंधन फक्त घर आणि मोटार विम्याला. पाळीव प्राण्यांचा विमा त्यातून सुटला. शिवाय ‘त्याच मार्गाने’ ही पळवाट आहेच. तुलना करणाऱ्या संकेतस्थळावरून आलेल्याला एक दर आणि थेट कंपनीकडे असलेल्याला दुसरा, हे आजही चालतं.

आता भारताकडे. नो क्लेम बोनस क्लेम न केल्याबद्दल मिळतो, एकाच कंपनीत राहिल्याबद्दल नाही. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, पाच वर्षांनी 50, आणि कंपनी बदललीत तरी तो तुमच्याबरोबर येतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर तर कंपनी ठरवतच नाही, तो सरकारकडून ठरून येतो.

आपल्याकडे अडकलेला ग्राहक पाहायचा तर आरोग्य विम्यात पाहा. तुम्ही वडिलांच्या पॉलिसीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. पोर्टेबिलिटी, म्हणजे जुने फायदे न गमावता पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय, 2011 पासून आहे, पण सत्तरीतल्या मधुमेही माणसाला नवी कंपनी सरळ नाही म्हणू शकते. तिथली वाढ वयामुळे आणि इस्पितळांच्या बिलांमुळेही होते, म्हणून ब्रिटनचा आजार जसाच्या तसा इथे आहे असं मी म्हणणार नाही. पण जाण्याची वाट अवघड, हे दोन्हीकडे सारखं. जानेवारी 2025 मध्ये आयआरडीएआयने (भारताच्या विमा नियामकाने) ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यात वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर आधी आमच्याशी बोला, असं कंपन्यांना बजावलं, ते उगाच नाही.

वडिलांची पॉलिसी पोर्ट करायचा विचार असेल, तर रिन्यूअलच्या बरंच आधी अर्ज करा, आजार एकही लपवू नका आणि नव्या कंपनीचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुना हप्ता चुकवू नका.