यादीतील सहा कामे का केली नाहीत आणि यादीबाहेरचे एक का केले: आपल्या अभिप्रायाला गॅरेजचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या गॅरेजला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरने आपल्या पेट्रोल गाडीसाठी अकरा कामांचे १८,६०० रुपयांचे एस्टिमेट दिले होते आणि तेच काम कमी खर्चात व्हावे म्हणून आपण तो कागद घेऊन उद्यमनगरात आमच्याकडे आलात. आम्ही त्यातली पाचच कामे केली, उरलेल्या सहांची गरज नाही असे सांगितले आणि ज्याचे यादीत नावही नव्हते ते ब्रेक ऑइल आपल्याला न विचारता बदलून त्याचे ९५० रुपये बिलात लावले. त्यानंतर महिन्याभरात मायलेज १८ वरून १६ वर आले, आणि इंजेक्टर क्लीनिंग (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांची सफाई) न केल्यामुळेच हे झाले असे सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्याला सांगण्यात आले. गाडी बनवणाऱ्या कंपनीपेक्षा गॅरेजवाल्याला जास्त कळते काय, असा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे.

आधी आमची चूक. ब्रेक ऑइल बदलण्यापूर्वी आपल्याला फोन करायला हवा होता आणि तो आमच्याकडून झाला नाही. काम कितीही आवश्यक असले, तरी गाडी आपली आहे आणि खर्चाला होकार देण्याचा अधिकारही आपलाच आहे. त्या दिवशी मी दुसऱ्या एका गाडीच्या कामासाठी शिरोलीला गेलो होतो आणि आमच्या मिस्त्रींनी 'मालकांनी विचारले असेल' असे गृहीत धरले. पण गॅरेज माझे असल्याने ही चूक माझीच आहे. ते ९५० रुपये मी आपल्याला परत देणार आहे. आपण अभिप्राय बदलावा किंवा काढून टाकावा, अशी माझी त्याबदल्यात कोणतीही अपेक्षा नाही.

मात्र ते काम अनावश्यक होते, हे मी मान्य करू शकत नाही. हे पटवून देणे मला महत्त्वाचे वाटते, कारण आपणच लिहिल्याप्रमाणे आपण दर महिन्याला आंबा घाटातून रत्नागिरीला जाता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते; त्याच्या छोट्या टाकीचे झाकण घट्ट असले, तरी रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षे थोडा थोडा ओलावा आत जातच राहतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला गेला की कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक पॅड आवळणारा भाग) तापतो, जुने ऑइल उकळते आणि पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. त्यामुळे पाय पूर्ण खाली जातो आणि गाडी मात्र थांबत नाही. आपल्या गाडीच्या टाकीतून काढलेले ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे होते आणि ओलावा तपासण्याच्या पेनचा लाल दिवा लगेच लागला. सर्व्हिसच्या पुस्तकात दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे असे छापलेले आहे. आपल्या नोंदींत सव्वापाच वर्षांत ते एकदाही बदललेले दिसत नाही. अकरा कामांच्या त्या यादीत हे काम का नव्हते, हे मी सांगू शकत नाही, पण ते असायला हवे होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. कंपनीपेक्षा मला जास्त कळते, असे मी कधीही म्हणणार नाही. उलट गाडी पुढे आली की मी सर्वांत आधी कंपनीचेच म्हणणे वाचतो. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेल्या पुस्तकात असते. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचे आणि काय फक्त तपासायचे, याचा तक्ता ज्यांनी ते इंजिन घडवले त्या अभियंत्यांनी केलेला असतो. आपल्याला मिळालेली यादी मात्र त्या तक्त्याची नक्कल नव्हती. ती डीलरच्या सर्व्हिस सेंटरने केलेली शिफारस होती आणि डीलर हा गाडी बनवणारा नसून ती विकणारा व दुरुस्त करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. त्या अकरा कामांपैकी पाच तक्त्यात होती, सहा नव्हती. मी स्वतः सात वर्षे अशाच एका सर्व्हिस सेंटरमध्ये काम केले आहे. तिथे सर्व्हिस ॲडव्हायझरला महिन्याचे टार्गेट असे आणि क्लीनिंग, कोटिंग यांसारख्या कामांची विक्री त्यात वेगळी मोजली जाई. काउंटरवरची ती मुले लबाड नव्हती. त्यांना जे विकायला सांगितले होते, ते ती विकत होती. पण ग्राहकाला तो फरक कोणी समजावून सांगत नसे आणि त्याचे मला तेव्हाही वाईट वाटत असे.

वगळलेल्या कामांपैकी इंजिन फ्लशिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्याचा आग्रह सर्वांत जास्त होतो. जुने ऑइल काढण्याआधी त्यात एक द्रावक ओतून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवतात आणि मग सगळे ऑइल काढून टाकतात. ज्या गाडीचे ऑइल वर्षानुवर्षे बदललेले नाही, तिच्यात साचलेला गाळ सुटावा हा त्याचा हेतू असतो. पण सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याचा धोका नेमका अशाच गाडीत असतो, आणि ज्या गाडीचे ऑइल वेळच्या वेळी बदलले आहे, तिच्यात काढण्यासारखा गाळच नसतो. आपण दर दहा हजार किलोमीटरला न चुकता ऑइल बदललेले आहे. आम्ही ऑइलचे झाकण उघडून टॉर्चने आत पाहिले, तेव्हा धातूवर फिकट तपकिरी थर होता. बोटाला काळा चिकटा लागला नाही. अशा स्वच्छ इंजिनाच्या धुलाईचे पैसे मी घेऊ शकलो नाही.

एसीच्या गॅसचेही असेच आहे. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. पेट्रोलसारखी तिच्यातली गॅस वापरून संपत नाही. गॅस कमी झाली असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरली की काही महिन्यांनी तीच तक्रार घेऊन गाडी परत येते. आपल्या गाडीत मधल्या झरोक्यात लावलेला थर्मामीटर ७ अंश दाखवत होता, म्हणून आम्ही त्या यंत्रणेला हातही लावला नाही. रंगावरचे टेफ्लॉन कोटिंग हौसेचे काम आहे. ज्यांना आवडते त्यांनी जरूर करावे, पण ते देखभालीत मोडत नाही. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) आम्हीही साफ करतो, मात्र गाडी उभी असताना चालू इंजिनाची गती आपोआप वरखाली होत असेल तेव्हाच.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल, म्हणजे गाडीच्या तळाला द्यायच्या गंजरोधक लेपाबद्दल, मी क्षणभर विचार केला होता. आपली गाडी मालवणला किंवा रत्नागिरीत मुक्कामाला असती, तर खाऱ्या हवेमुळे मी ते काम आपणहून सुचवले असते. किनाऱ्यावरून येणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सरचे जोड आणि सस्पेन्शनचे बोल्ट कसे पापुद्रे सुटून येतात, ते आम्ही नेहमी पाहतो. महिन्यातून एकदा जाऊन येणाऱ्या गाडीला मात्र परतल्यावर खालून साध्या पाण्याने नीट धुणे पुरेसे आहे. लिफ्टवर घेतल्यावर आपल्या गाडीचा तळ गंजमुक्त होता.

इंजेक्टर क्लीनिंगची तक्रार मी गांभीर्याने घेतो, कारण मायलेज कमी झाल्याचा अनुभव आपला आहे आणि तो मी खोटा ठरवणार नाही. इंजेक्टर तुंबले की इंजिन थरथरते, मिसफायर होते (इंधन नीट पेटत नाही), पिकअप अडखळतो आणि बहुधा चेक इंजिनचा दिवा लागतो. आम्ही स्कॅनर लावून हवा-इंधनाच्या मिश्रणात गाडीचा संगणक किती दुरुस्ती करत आहे ते पाहिले, तेव्हा ती ३ टक्क्यांच्या आसपास होती. साधारणतः १० टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती नेहमीची मानली जाते. त्यामुळे त्या दिवशी इंजेक्टरवर संशय घेण्यास कारण नव्हते. तरीही महिन्याभरात काही बदलले असेल, तर ते शोधायला हवे: टायरमधली हवा, ब्रेक कुठे धरून राहतो आहे का, आणि आम्ही केलेले व्हील अलाइनमेंटसुद्धा. आपण गाडी घेऊन यावे. टाकी फुल करू, नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवू, पुन्हा फुल करू आणि किती पेट्रोल बसले ते आपल्यासमोर मोजू. दोष आमच्या कामात निघाला, तर दुरुस्तीचा खर्च आमचा. इंजेक्टरमध्ये निघाला, तर ते साफ करण्याची मजुरी मी घेणार नाही, कारण आपल्याला 'गरज नाही' असे मीच सांगितले होते.

जी पाच कामे केली, त्यांतील एअर फिल्टरचा उल्लेख करतो, कारण तक्त्याप्रमाणे तो आणखी काही हजार किलोमीटर चालायला हवा होता आणि तरीही या बाबतीत सर्व्हिस सेंटरचे म्हणणे बरोबर होते. तो आम्ही वर्तमानपत्रावर आपटला, तेव्हा मूठभर बारीक माती आणि उसाच्या पाचटाचे तुकडे पडले. हंगामात जयसिंगपूरच्या रस्त्यावर रोज ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्या गाडीसाठी छापील अंतर पुरत नाही. धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर लवकर बदलावा, असे पुस्तकातही लिहिलेले असते. डीलरची प्रत्येक शिफारस वाईट असते, असा माझा समज नाही.

आपण वॉरंटीबद्दलही विचारले आहे. आपली वाढीव वॉरंटी आमच्याकडे येण्याच्या तीन महिने आधी संपली होती. ती चालू असती, तर मीच आपल्याला अधिकृत केंद्रात जाण्यास सांगितले असते. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, असे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटले होते, पण कंपन्यांनी त्याला आव्हान दिले, आणि काउंटरवर वाद झाला की त्रास ग्राहकालाच होतो. रिकॉलची कामे (दोष काढण्यासाठी कंपनीच गाड्या परत बोलावते ती), एअरबॅग आणि सॉफ्टवेअर अपडेट यांसाठी यापुढेही आपण तिकडेच जावे.

आम्ही एक बदल केला आहे. यादीबाहेरचे कोणतेही काम ग्राहकाच्या लेखी होकाराशिवाय सुरू करायचे नाही, आणि काढलेला भाग किंवा ऑइलचा नमुना गाडी नेताना दाखवायचा. आपल्या गाडीतले जुने ब्रेक ऑइल एका बाटलीत अजून ठेवलेले आहे.

सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर आपण यावे, मी स्वतः हजर राहीन. येताना सर्व्हिसचे पुस्तक सोबत आणावे, म्हणजे ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद तारीख आणि किलोमीटरसह त्यात करून देता येईल. पुढचे ब्रेक पॅड सुमारे ४ मिलिमीटर उरले आहेत. ते अजून चालतील, पण घाटात जाण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावेत. त्या तपासणीचे पैसे लागणार नाहीत.

आपला,
गॅरेजचालक, उद्यमनगर, कोल्हापूर