परिक्रमेआधीची प्रदक्षिणा

कार्तिकी एकादशी झाली की मी नर्मदा परिक्रमेला निघणार आहे. पायी, आणि एकटी. हे मी श्रावणात जाहीर केलं आणि तेव्हापासून आमच्याकडे भीतीची आवक सुरू झाली. जो येतो तो एखादी भीती घेऊनच येतो. चहा पितो, भीती सोफ्यावर ठेवतो आणि हलका होऊन निघून जातो.

वन्संनी वाटेतलं रान, शूलपाणीची झाडी, आणली. "अगं, तिथले मामा लोक अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतात म्हणे!" घ्यायचे, हे खरं. या मामांनी, म्हणजे भिल्लांनी, लुटायचं आणि परिक्रमावासीने ती मैयाचीच इच्छा समजून उरल्या लंगोटीवर पुढे चालू लागायचं, असा तिथला जुना शिरस्ता होता. पण आता जुन्या वाटेचा बराच भाग सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलाय आणि तिथले मामा हाका मारून चहा पाजतात, असं जाऊन आलेले सगळे सांगतात. हे ऐकून वन्संचा हिरमोड झाला. दोन घोट घेऊन त्यांनी अश्वत्थामा काढला. तो म्हणे अजून त्याच रानात हिंडतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो. मागू दे की. माझ्याकडे गुडघ्याचं तेल असणारच आहे, त्यातलं थोडं देईन. चोळून मात्र देणार नाही, माझेच गुडघे मला पुरेसे आहेत.

लेकीने समुद्र आणला. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची. उगमापाशी, अमरकंटकला, नदीला वळसा घालता येतो. मुखापाशी वळसा घालणार कशाला? तिथे खंबातचं आखात. म्हणून भरतीची वेळ बघून होडीने दक्षिण तटावरून उत्तर तटावरच्या मिठीतलाईला उतरायचं. "आई, तुला पोहता येत नाही," लेक म्हणाली. होडीत बसलेल्या माणसाने पोहायचं नसतं, असं मी तिला समजावलं. तिचा चेहरा बघून हा मुद्दा मी उगाच काढला असं वाटलं. मग तिने मोबाइलवर एसी बसची परिक्रमा दाखवली. पंधरा-वीस दिवसांत सगळं आटोपतं, रोज गरम पाणी, शिवाय सोबत महिला मंडळ. महिला मंडळ म्हटल्यावर माझा पायी जायचा निश्चय पक्का झाला.

भाच्याने गणित आणलं. नदी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ धरले तर २६०० च्या वर, रोजचे वीस धरले तर १३० दिवस. "आणि मावशी, तू कोथिंबीर आणायला रिक्षा करतेस." जुन्या रीतीने, चातुर्मासात मुक्काम करत, तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस लागतात, हे मी त्याला सांगितलं नाही. तिकीट तोच काढणार होता. खंडव्याचं काढलं आणि विचारलं, "परतीचं कधीचं?" आता काय सांगणार! रेल्वे साठ दिवसांपलीकडचं आरक्षण देत नाही, आणि साठाव्या दिवशी मी गुजरातेत असेन की त्याच्याही अलीकडे कुठे फोड फोडत बसलेली असेन, हे मैयाला ठाऊक. एका अर्थी बरंच झालं. परतीचं तिकीट हातात असतं तर माझा पहिल्या आठवड्यातच भरवसा नव्हता. (ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद केली ती केलीच. बायकांना निम्मं भाडं होतं. वय आहे, गुडघे आहेत, फक्त सवलत नाही.)

शेवटची आशा डॉक्टरांवर होती. मनातल्या मनात मला वाटत होतं, ते तरी ठाम नाही म्हणतील आणि मग मी चारचौघांत हळहळेन, "मी तर निघालेच होते हो, पण डॉक्टर ऐकेनात." त्यांनी रिपोर्ट पाहिले, रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "उत्तम! अवश्य जा. माझीही फार इच्छा आहे." वर माझ्याकडून मैयाला नमस्कार सांगा म्हणाले. इतका बेजबाबदार डॉक्टर मी पाहिला नाही.

म्हणजे जाणं आलं. मग पाठीवरची पिशवी आली. जाऊन आलेले म्हणतात, ओझं पाच-सहा किलोंवर नको. मी अत्यावश्यक तेवढंच काढलं: दोन पांढरी लुगडी, घोंगडी, सतरंजी, ताट-वाटी, कमंडलू, मैयाच्या पाण्याची कुपी, बीपीच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या, बॅटरी, गुडघ्याचे पट्टे, तेल, सुईदोरा, नाडा, मेतकूट, लिंबाचं लोणचं, आल्याची वडी, आणि रात्री कुणी घोरलं तर कानात घालायला कापूस. मी स्वतः घोरते असं घरचे म्हणतात, तेव्हा हा कापूस वाटायलाही उपयोगी पडेल. वजन करायला घरात काटा नव्हता. खालून रद्दीवाला चालला होता, त्याला वर बोलावलं. त्याने पिशवी ताणकाट्याला अडकवली, "साडेनऊ" म्हणाला आणि सवयीने खिशातून पैसे काढू लागला.

लोणचं काढलं. आल्याची वडी काढून परत घातली.

आता एक नाजूक विषय. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून आमच्याकडे कमोड आहे. नर्मदेच्या काठी कमोड नाही, काठ आहे. तेव्हा उकिडवं बसायचा सराव आलाच. रोज सकाळी स्वयंपाकघरात ओटा धरून मी बसते. बसणं जमतं. उठताना जे जे देव आठवतात, त्यांत नर्मदामैया बरीच खाली येते.

पण हे सगळे त्रास दुकानात मिळतात तसे आहेत, कुणालाही व्हावेत असे. माझ्या खास दोन भीती वेगळ्याच आहेत आणि त्या मी कुणाजवळ बोललेले नाही.

पहिली, अनुभवाची. परिक्रमा करून आलेला माणूस अनुभव घेऊनच येतो. कुणाला वाट चुकल्यावर पांढऱ्या फ्रॉकातली मुलगी भेटते, रस्ता दाखवते आणि वळून पाहावं तर नाहीशी. कुणी शिऱ्याची आठवण काढायचा अवकाश, पुढच्या वळणावर शिरा. इथवरचे सगळे अनुभव मी जमिनीवर सतरंजीवर बसून, डोळे पुसत ऐकलेत. आणि मला काहीच आलं नाही तर? मी २६०० किलोमीटर चालले, वाट चुकले, एका मोटारसायकलवाल्याला विचारलं, त्याने सांगितलं आणि तो नाहीसा झाला नाही, सरळ रस्त्याने दिसेनासा होईतो गेला, एवढंच सांगायला आपलं व्याख्यान कोण ठेवील? वन्सं तर तोंडावर म्हणतील, "मग गेली कशाला?"

दुसरी भीती मागायची. आश्रम असेल तिथे प्रश्न नाही. नर्मदे हर म्हणायचं, आसन लावायचं, सकाळी बालभोग, नंतर भोजनप्रसादी. कुठे सदावर्त म्हणून डाळ-तांदूळ-पीठ मिळतं, आपण शिजवायचं. पण कुठे काहीच नसेल तर गावातल्या दारात उभं राहून हात पुढे करायचा. मी जन्मभर बँकेच्या कॅश काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेय. लोकांनी मागायचं आणि मी मोजून द्यायचं. आता आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, म्हणजे मागण्याचा अनुभव दांडगा, पण तो पावतीपुस्तकासकट.

सराव केल्याशिवाय जमणार नाही असं ठरवून परवा संध्याकाळी मी इमारतीत उतरले. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली आणि घसा साफ करून म्हटलं, "नर्मदे हर!" आतून आवाज आला, "काकू, मेंटेनन्स कालच ऑनलाइन टाकला, बघा!" दार उघडलंच नाही. दुसऱ्या मजल्यावर एका मुलाने फटीतून डोकं बाहेर काढलं, माझ्या हातातल्या कमंडलूकडे एकदा पाहिलं आणि ओटीपी सांगितला. तळमजल्यावरच्या जोशीबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, पण त्या मला आत बसवून त्यांच्या बहिणीच्या हिप रिप्लेसमेंटबद्दल सांगत राहिल्या. भिक्षा म्हणून ती हकिगतच मिळाली, आणि भरपूर मिळाली.

शेवटी पहिल्या मजल्यावरचे अण्णा. एकटेच असतात, स्वतः रांधून खातात. मी नर्मदे हर म्हटलं, त्यांनी शांतपणे "हर हर" म्हटलं, आत गेले आणि एका वाटीत फोडणीची पोळी घेऊन आले. मी लगेच दोन पावलं मागे. "नको नको अण्णा, आत्ताच जेवले मी!"

"मग आलात कशाला?"

"सरावाला."

"मग घ्या की. माझाही द्यायचा सराव सुटलाय."

घेतली. जिन्यातच खाल्ली, चांगली होती, मीठ जरा पुढे. घरी आल्यावर वाटी घासली, आणि मग पंचाईत. दुसऱ्याची वाटी रिकामी परत कशी करायची? आमच्या आईने आम्हाला बाकी काही शिकवलं नसेल, पण एवढं शिकवलंय. रात्री साडेनऊला मी बेसन भाजायला घेतलं. सकाळी वाटीभर लाडू घेऊन अण्णांच्या दारात उभी राहिले.

अण्णांनी एकदा लाडवांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "असं प्रत्येक गावी वाटी भरून परत करत चाललात तर तुम्हाला जुन्या रीतीनेच जावं लागेल. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस."

"त्याचं मी बघेन," मी म्हटलं. "आधी तुमचा गणपतीपासूनचा मेंटेनन्स राहिलाय त्याचं काय ते सांगा. मी गेल्यावर कुणी मागायला येणार नाही."