लेट्रोझोल बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला एका मेडिकलवालीचं उत्तर

तीन महिन्यांपूर्वी तासगावकडच्या एक काकू दुकानात आल्या आणि लेट्रोझोलची, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरनंतर घ्यायच्या गोळीची, तीन पाकिटं काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "ताई, एवढी परत घ्या की. एकबी फोडलेलं न्हाई." कारण विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढं केला. तो मेसेज मला त्याआधी दोघीतिघींनी पाठवलेला होता. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

"स्तनाच्या कॅन्सरनंतर देतात ती हार्मोनची गोळी रक्तात चरबी भरते आणि हार्ट अटॅक आणते. वर कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली की शरीरातले हार्मोन बिघडून कॅन्सर परत येतो, सांधे कायमचे जातात. दोन्ही गोळ्या बंद करा. रोज सकाळी हळद-मिऱ्याचा मोठा चमचा आणि लसूण-आलं-लिंबाचा काढा घ्या. तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल नॉर्मल."

काकूंनी ११ दिवस गोळी घेतलेली नव्हती.

सांगलीत मी २२ वर्षं औषधं देते आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुठली गोळी द्यायची आणि किती, हे ठरवणं माझं काम नव्हे. पण चिठ्ठीवरची दोन औषधं एकमेकांना चालतात का, हे बघणं माझंच काम आहे. म्हणून या मेसेजमधला एकेक दावा घेते.

"गोळी रक्तात चरबी भरते." यात खरं काय आहे ते आधी सांगते. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या एकाच घराण्यातल्या गोळ्या. पाळी गेल्यावर अंडाशयाचं काम थांबतं, तरी अंगातली चरबी, स्नायू इथं थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीला तेवढंही पुरतं. या गोळ्या ते तयार करणारं एन्झाइमच अडवतात. आता इस्ट्रोजेन लिव्हरला रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलायला मदत करत असतं. ते कमी झालं की काहींचं एलडीएल चढतं. त्यामुळं या गोळ्या चालू असताना लिपिडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करायची, हे बरोबरच.

पण गोळी "चरबी भरते" हे आलं कुठून? लेट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन (दुसऱ्या घराण्यातली हार्मोनची गोळी) यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी होती, आठ हजार बायकांची. तिचे निष्कर्ष २००५ साली आले. लेट्रोझोलच्या गटात ४३.६ टक्के बायकांच्या कोलेस्टेरॉलवाढीची नोंद झाली, टॅमॉक्सिफेनच्या गटात १९.२ टक्के. हे आकडे वाचून कुणीही घाबरेल. पण त्याच निबंधात पुढं लिहिलंय की त्यातल्या बहुतेक वाढी अगदी सौम्य होत्या, आणि लेट्रोझोलच्या गटाचं मधलं कोलेस्टेरॉल दोन वर्षांत जवळजवळ जागचं हललंच नाही. हललं ते टॅमॉक्सिफेनवाल्यांचं, आणि तेही खाली, १२ ते १४ टक्क्यांनी. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण लिव्हरमध्ये स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणून ते चालू असेपर्यंत एलडीएल उतरलेलं राहतं. पुढं लेट्रोझोलची तुलना टॅमॉक्सिफेनशी न करता साध्या बिनऔषधी गोळीशी केली, तेव्हा दोन्ही गटांच्या कोलेस्टेरॉलमध्ये म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

काकूंना मी फाईल उघडायला सांगितली. आपल्याकडच्या बायका ही फाईल पोथीसारखी जपतात, पण लावलेली कधीच नसते. वरच्या रिपोर्टमध्ये एलडीएल १६२. त्यावरच त्यांचा मुलगा घाबरलेला. खाली शोधलं तर टॅमॉक्सिफेन चालू असतानाचा एक रिपोर्ट मिळाला, १३१. आणि सगळ्यात तळाशी, मिरजेत ऑपरेशन झालं त्याच्या आधीचा, १५८. म्हणजे कुठलीच गोळी पोटात गेली नव्हती तेव्हाही काकूंचं एलडीएल १५८ होतं. टॅमॉक्सिफेननं ते दोन वर्षं दाबून धरलं, पाळी गेल्यावर गोळी बदलली आणि ते आपल्या मूळ जागी आलं. लेट्रोझोलला दोष लागला तो असा. तुमच्या घरात कुणी या गोळ्यांवर असेल तर कृपा करून तो सगळ्यात जुना रिपोर्ट शोधा. तारखेनुसार लावा. अर्धी भीती तिथंच जाते.

हे सगळं खरं असलं तरी १५८ काही चांगलं नाही, हेही काकूंना सांगितलं.

"हार्ट अटॅक आणते." टॅमॉक्सिफेनच्या शेजारी ठेवून पाहिलं तर या गोळ्यांवरच्या बायकांत हृदयाच्या तक्रारी जरा जास्त दिसतात. मात्र बिनऔषधी गोळीच्या शेजारी ठेवलं की तो फरक दिसत नाही. म्हणून अनेक तज्ज्ञांचं मत असं की ही लेट्रोझोलची इजा कमी आणि टॅमॉक्सिफेनचा आडोसा गेल्याचा परिणाम जास्त. तो आडोसाही फुकटचा नाही. टॅमॉक्सिफेननं पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, पाळी गेलेल्या बाईत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचाही.

हृदयाला खरोखर काय जड जातं, ते मेसेजमध्ये एका अक्षरानं नाही. बीपी. साखर. वाढलेलं वजन. केमोत दिलेलं ते लाल औषध. डाव्या बाजूला दिलेला शेक, म्हणजे रेडिएशन. आणि मिश्री. आमच्या सातारा-सांगलीकडं सकाळी मिश्री लावणारी बाई "मी तंबाखू खात नाही" असं डॉक्टरांना अगदी मनापासून सांगते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती हिरडीतून सरळ रक्तात जाते. काकूही लावतात. चार वर्षांच्या उपचारात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं.

आता गोळी सोडण्याची किंमत. हार्मोन पॉझिटिव्ह गाठीत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यानं स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू पुढच्या १५ वर्षांत साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. २० चाचण्यांमधल्या २१ हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये हे मांडलं गेलं. पाळी गेलेल्या बायकांत लेट्रोझोलच्या घराण्यातल्या गोळ्या त्याहूनही थोड्या सरस ठरल्या. एवढं संरक्षण सोडून द्यायचं, आणि तेही वेगळ्या गोळीनं सहज खाली येणाऱ्या आकड्यासाठी? हे मला मान्य नाही, आणि काउंटरपलीकडं उभ्या असलेल्या कुणालाही मी ते करू देणार नाही.

"कोलेस्टेरॉलच्या गोळीनं हार्मोन बिघडतात, कॅन्सर परत येतो." मेसेजमधली ही सगळ्यात वाईट ओळ, कारण ती अर्धवट शास्त्रावर उभी आहे. शरीर कोलेस्टेरॉलपासून हार्मोन बनवतं हे शाळेतही शिकवतात. त्यावरून कुणीतरी ठरवलं की कोलेस्टेरॉल उतरवलं की हार्मोन बिघडणार. कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी म्हणजे स्टॅटिन. ते लिव्हरमधलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करतं, संपवत नाही. हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींना लागेल तेवढं मिळत राहतं. शिवाय हार्मोन पॉझिटिव्ह गाठीत आपण इस्ट्रोजेन कमीच करायला निघालोय, मग ते "बिघडेल" याची भीती कसली?

स्टॅटिननं कॅन्सर होतो का, हेही तपासून झालंय. २७ चाचण्या, सुमारे पावणेदोन लाख माणसं, निष्कर्ष २०१२ सालचे: स्टॅटिन घेणाऱ्यांत कॅन्सर वाढला नाही, कॅन्सरनं होणारे मृत्यूही वाढले नाहीत. आणि वर सांगितलेल्या त्या आठ हजार बायकांच्या चाचणीची माहिती २०१७ साली पुन्हा तपासली, तेव्हा हार्मोनच्या गोळीबरोबर कोलेस्टेरॉलचं औषध घेणाऱ्यांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण उलट कमी दिसलं. याचा अर्थ स्टॅटिन कॅन्सरवरचं औषध आहे असा मात्र काढू नका. ही नुसती निरीक्षणं आहेत. औषध घेणाऱ्या बायका मुळात तब्येतीला जास्त जपणाऱ्याही असू शकतात. पण "परत येतो" म्हणणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नाही. कोलेस्टेरॉलपासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ इस्ट्रोजेनसारखा वागून गाठ वाढवतो, असं २०१३ मध्ये उंदरांत दिसलं होतं. तेही मेसेजच्या विरुद्धच जातं.

"हळद-मिऱ्याचा मोठा चमचा." सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे अवघड काम. इथल्या हळदीचे सौदे देशभर नावाजलेले, २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या माहेरी हळद पिकते, तिचा वास मला आईच्या पदरासारखा वाटतो. म्हणूनच हे नीट सांगायला हवं. आमटीतली, भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद खुशाल खा. त्यात कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, अगदी थोडं असतं. प्रश्न चमच्यांचा आणि कॅप्सूलचा आहे, आणि सोबतच्या मिऱ्यांचा. मिऱ्यातलं पायपरिन औषधांची शरीरातली ये-जा बदलतं. कुर्क्युमिन अंगी लागावं म्हणूनच ते कॅप्सूलमध्ये घालतात. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ बायकांना कुर्क्युमिनच्या गोळ्या देऊन २०१९ मध्ये रक्त तपासलं. टॅमॉक्सिफेनपासून शरीरात जे खरं काम करणारं द्रव्य बनतं ते जवळपास ८ टक्क्यांनी घटलं. पायपरिन जोडल्यावर १२ टक्क्यांनी. बायका थोड्या होत्या, हे मान्य. पण जिच्या रक्तात त्या द्रव्याची पातळी मुळातच काठावर आहे तिनं हा धोका का घ्यावा? जादा कुर्क्युमिनच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. दुकानात कुणी हळदीची कॅप्सूल मागितली की आता मी आधी विचारते, "घरात टॅमॉक्सिफेन कोण घेतंय का?"

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. लसणीनं कोलेस्टेरॉल उतरलंच तर जेमतेम. नेहमीच्या डोसचं स्टॅटिन एलडीएल ३० ते ५० टक्क्यांनी उतरवतं. १६२ वाल्या बाईला काढा पुरणार नाही.

खाण्याचं मात्र महत्त्व आहे, आणि त्यासाठी बाहेरून काही आणायला नको. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, हुलग्याचं माडगं, मटकी, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी: यांच्यातला चोथा आतड्यात कोलेस्टेरॉलला धरून बाहेर नेतो. जवस आणि सोयाबीन "इस्ट्रोजेनवालं" म्हणून बायका घाबरतात. रोजच्या जेवणातल्या प्रमाणाला घाबरायचं कारण नाही. घाण्याच्या शेंगतेलात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात नसतं. म्हणून ते कितीही ओतावं असं नाही. सोडायचं असेल तर वनस्पती तूप आणि त्यातली बेकरीची खारी सोडा. ज्यांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढलंय, विशेषतः टॅमॉक्सिफेनवर, त्यांनी मूठमूठ बेदाणे आणि पेढे आवरावेत. टॅमॉक्सिफेननं ट्रायग्लिसराइड चढू शकतं आणि ते ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला धोका. ४०० च्या वर असेल तर रिपोर्टमधलं गणितानं काढलेलं एलडीएलही भरवशाचं नसतं, लॅबमध्ये थेट मोजायला सांगावं लागतं.

"सांधे कायमचे जातात." दुखतं, हे खोटं नाही. लेट्रोझोलनं सकाळी बोटं आखडतात, मूठ वळत नाही, मनगट-गुडघे धरतात. हे इतक्या बायकांना होतं की "मनाचे खेळ" म्हणून कुणी उडवून लावू नये. स्टॅटिनचं दुखणं वेगळं असतं, मांड्या, खांदे, मोठे स्नायू. कुठली गोळी कधी सुरू झाली आणि दुखणं कधी, हे कॅलेंडरवर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी बदलता येते: लेट्रोझोल सोसत नसेल तर एक्झेमेस्टेन, एका स्टॅटिननं दुखलं तर दुसरं, नाहीतर इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी. नियमित चालणं आणि हातापायाचा व्यायाम यांनी हे सांध्यांचं दुखणं कमी होतं, हे चाचणीत दिसलंय. हाडांची डेक्सा तपासणीही विसरू नका, कारण या गोळ्या हाडं ठिसूळ करतात.

मेसेज लिहिणाऱ्याला सावध करायचंच होतं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कोलेस्टेरॉल वाढलंय तर आधी थायरॉईड तपासा, ते मंद असलं तरी आकडा चढतो. अॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन चालू असताना खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून आलं तर दुकानदाराला दाखवा. पसरलेल्या आजारासाठी रायबोसिक्लिब चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन नको. डॉक्टर रोसुव्हास्टॅटिनसारखा पर्याय बघतात. टॅमॉक्सिफेनवर असताना झोपेसाठी, उदासीसाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन नको. म्हणून सगळी औषधं एकाच पिशवीत घालून आणा, वैद्यांची आणि आयुर्वेदिक दुकानातली सुद्धा.

काकूंनी पाकिटं परत नेली. त्याच संध्याकाळपासून गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन डॉक्टरांकडं गेल्या. थायरॉईड ठीक निघाला, साखर काठावर. रोसुव्हास्टॅटिन १० सुरू झालं. परवा आठ आठवड्यांनंतरचा रिपोर्ट आला, एलडीएल ९४. बोटं सकाळी अजून आखडतात, पहिल्याइतकीच. मिश्री दिवसातून चार वेळची एकदावर आली आहे. ती एकदाची त्या सोडत नाहीत, आणि मीही विचारायचं सोडत नाही.