अमेरिका युद्धात उतरली ती ७ डिसेंबरला नव्हे

आमच्या इंदुरातल्या राजेंद्र नगरच्या ग्रुपवर सध्या जो तो परराष्ट्रमंत्री झालाय. एकानं 'भारतानं तटस्थ राहावं' असं टाकलं की दुसरा लगेच पर्ल हार्बर काढतो, म्हणजे ७ डिसेंबर १९४१ ला जपाननं बॉम्ब टाकले तो अमेरिकी नौदलाचा तळ. अमेरिकाही हाताची घडी घालून बसली होती, बॉम्ब पडले तेव्हा जागी झाली, वगैरे. शाळेपासून हेच ऐकत आलोय आणि हे अर्धंच खरं आहे.

बाहेर राहायची इच्छा खरी होती. शस्त्रांच्या व्यापाऱ्यांनी आणि बँकांनी आपल्याला पहिल्या महायुद्धात ओढलं, असं तिथे पुष्कळांना वाटायचं. म्हणून १९३५ पासून तटस्थतेचे कायदेच झाले: लढणाऱ्या कुणालाच शस्त्रं विकायची नाहीत. १९३९ मध्ये युरोप पेटला आणि त्यातून वाट काढली गेली. रोख मोजा, माल तुमच्या जहाजातून न्या. नियम सगळ्यांना सारखा, पण अटलांटिकवर जोर ब्रिटिश नौदलाचा, तेव्हा गिऱ्हाईक कोण हे सांगायला नको. सप्टेंबर १९४० मध्ये ५० जुन्या विनाशिका (लढाऊ जहाजं) ब्रिटनला दिल्या, बदल्यात लष्करी तळांसाठी ९९ वर्षांच्या पट्ट्यानं जागा घेतल्या. त्याच महिन्यात सक्तीची सैन्यभरती आली. आणि ऑक्टोबरात बॉस्टनच्या प्रचारसभेत अध्यक्ष रूझवेल्ट आईबापांना सांगतात, तुमची मुलं परक्या युद्धात जाणार नाहीत!

मार्च १९४१ मध्ये उसनवारीचा कायदा झाला, म्हणजे ब्रिटनसारख्यांना आधी पैसे न घेता युद्धाचा माल द्यायचा. त्यामागचा रूझवेल्ट यांचा युक्तिवाद फर्मास होता: शेजाऱ्याचं घर पेटलं तर पाण्याचा पाइप देताना आधी किंमत मागाल का? हिटलर समोर असताना मलाही तो पटतो. पण दिलेला माल वाटेत बुडू नये म्हणून मग गस्तही आलीच.

४ सप्टेंबर १९४१ ला 'ग्रीअर' ही अमेरिकी विनाशिका आइसलंडच्या वाटेवर एका जर्मन पाणबुडीच्या मागे लागली. पाणबुडीचा ठावठिकाणा 'ग्रीअर' एका ब्रिटिश विमानाला कळवत होती. विमानानं पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले, मग पाणबुडीनं 'ग्रीअर'वर टॉर्पेडो सोडला. आठवड्यानं रेडिओवर रूझवेल्ट म्हणाले, पाणबुडीनं आधी हल्ला केला. तासन् तास चाललेला पाठलाग आणि ते विमान, दोन्ही भाषणातून गायब. पुढे दिसताक्षणी गोळीबाराचं धोरण आलं. ३१ ऑक्टोबरला 'रूबेन जेम्स' ही अमेरिकी विनाशिका जर्मन पाणबुडीनं बुडवली, सुमारे शंभर खलाशी गेले. पर्ल हार्बर अजून महिनाभर लांब होतं. तिकडे जपानचं तेल तर जुलै-ऑगस्टमध्येच तोडलं होतं, आणि त्याचं बहुतेक तेल अमेरिकेतूनच यायचं.

आता कोणीतरी यशवंतराव होळकर काढणार, इंदूर आहे शेवटी. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी भिडले तेव्हा होळकर बाजूला राहिले. वर्षअखेर त्या दोघांनी तह केले आणि १८०४ मध्ये होळकर लढायला उतरले तेव्हा त्यातलं कोणी सोबत नव्हतं. मान्य, बाजूला बसणंही महागात पडतं. बाजू घेऊच नका, असं मी म्हणतच नाहीये. घेतली असेल तर ज्यांची पोरं जहाजावर आहेत त्यांना तोंडावर सांगा, एवढंच. रूझवेल्टनी ते टाळलं. हिटलरबद्दल त्यांचा अंदाज बरोबर होता म्हणून 'ग्रीअर'चं भाषण खरं ठरत नाही.

८ डिसेंबरला युद्ध पुकारलं गेलं ते फक्त जपानविरुद्ध. ११ तारखेला हिटलरनं आपणहून अमेरिकेशी युद्ध जाहीर केलं. जर्मनीशी लढायचं का, हा प्रश्न सप्टेंबरातच वॉशिंग्टनच्या सभागृहात उघडपणे यायला हवा होता. डिसेंबरात तो विचारायची गरजच उरली नाही.