जुनं घड्याळ नवं करू नका

सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे घड्याळाला चावी देणं. क्राऊन, म्हणजे घड्याळाच्या बाजूची चावीची गोल मूठ, अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे फिरवायचा. आत बारीक किरकिर होते, बोटांना एकेक दात जाणवतो. वीस-पंचवीस फेऱ्यांनी चावी जड होत जाते आणि पुढे सरकेनाशी झाली की थांबायचं. अर्ध्या मिनिटात दीड दिवसाची बेगमी.

वेळ बघायला फोन असताना घड्याळांवर एवढे पैसे कशाला, असं लोक विचारतात. अचूकतेचं म्हणाल तर तो वाद केव्हाच मिटलाय. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं, मनगटी घड्याळ विकायला आणलं. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. माझ्या दुसऱ्या एका ऑटोमॅटिकचं (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाचं) बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं चाक, सेकंदाला ८ ठोके देतं. अचूकतेचं स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळालेल्या यंत्रालासुद्धा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे जायची मुभा असते. तरीही ते चाक एकदा भिंगाखाली बघा. केसासारखी बारीक स्प्रिंग मिटते, उलगडते, परत मिटते. बॅटरी नाही, तार नाही. नुसत्या धातूच्या जोरावर कुणीतरी हे चालतं केलंय, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता जे सांगायला बसलोय ते. माझ्याकडे साठच्या दशकातलं एक चावीचं घड्याळ आहे. घेतलं तेव्हा पांढरी डायल सायीसारखी पिवळसर झाली होती, काट्यांवरचे चमकणारे ठिपके मधाच्या रंगाचे झाले होते. ते दिवसाला दोन-तीन मिनिटं मागे पडायला लागलं म्हणून सर्व्हिसिंगला टाकलं. फक्त साफसफाई आणि तेल, असं तोंडी सांगितलं. परत आलं ते लखलखीत. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, पॉलिश केलेली, डायल नव्याने रंगवलेली, काट्यांवर हिरवट नवा लेप. पट्टा अडकतो त्या चार लग्जच्या कडा आधी बोटाला टोचायच्या, त्या साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. जुने काटे मागितले तर ते टाकून दिल्याचं कळलं. करणाऱ्याने प्रेमाने केलं होतं, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या मधाच्या रंगामागे केवढा काळ असतो! अंधारात चमकण्यासाठी वापरलं जाणारं रेडियम घातक ठरल्यावर घड्याळांच्या डायलवर ट्रिशियम हा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ आला. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, साधारण १२ वर्षं, त्यामुळे ते चमकायचं केव्हाच थांबतं आणि लेप हळूहळू पिवळा-तपकिरी पडतो. ऊन, दमट हवा, घालणाऱ्याच्या सवयी, सगळं त्यात उतरतं. एकाच दिवशी तयार झालेली दोन घड्याळंही पन्नास वर्षांनी सारखी दिसत नाहीत. हे पुसलं की परत आणता येत नाही. केसवरचा धातू घासून गेला की गेला.

हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनच्या रोलेक्स डेटोना या घड्याळाची गोष्ट म्हणूनच मला फार आवडते. बायकोने, जोअॅन वुडवर्डने, ते त्याला दिलं आणि गाडी जपून चालव अशा अर्थाचे शब्द मागच्या झाकणावर कोरून घेतले. त्याने ते वर्षानुवर्षं हातात घातलं, पुढे मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ७७ लाख डॉलरहून जास्त मिळाले. आणि न्यूमनच्या घड्याळासारख्या डायलची डेटोना मुळात दुकानांत पडून राहायची!

यावरून कुणी घड्याळांत पैसे गुंतवायला निघेल, तर त्याने जरा थांबावं. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत स्टीलच्या स्पोर्ट्स मॉडेलांचे दर भडकले होते, नंतर ते चांगलेच उतरले. चढत्या भावात घेणाऱ्यांचे हात पोळले. माझ्या ओळखीतल्या काहींची घड्याळं प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट तिजोरीत पडून आहेत. आतलं तेल न वापरताही जुनं होतं. मग ती न घालून जपलं काय?

जुनं घेताना तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. केस एकाची, यंत्र दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे अशी जोडलेली घड्याळं सर्रास विकली जातात. बॉक्स आणि कागद असले तरी यंत्रावरचा नंबर स्वतः ताडून बघा. झाकण उघडून दाखवायला विकणारा कां-कूं करत असेल तर तिथून निघा. लोहचुंबकाजवळ ठेवलेलं घड्याळ अचानक पुढे पळायला लागतं, त्यासाठी ते खोलायची गरज नसते, चुंबकत्व काढलं की बहुतेक वेळा ठीक होतं. आणि तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख हाताने बदलू नका. तेव्हा आतली चाकं तारखेला भिडलेली असतात, दात मोडू शकतो.

त्या प्रकरणानंतर मी घड्याळजी बदलला. आता पावतीवर स्वतःच्या हाताने लिहितो: पॉलिश नाही, डायलला हात नाही, काढलेला प्रत्येक भाग परत. मागच्या महिन्यात दुसरं एक जुनं घड्याळ सर्व्हिसिंग होऊन आलं. काचेवरचा ओरखडा जिथल्या तिथे होता. सोबत कागदाची छोटी पुडी होती, तिच्यात थकलेली मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग) आणि एक झिजलेला स्क्रू. पुडीवर तारीख घालून ती मी घड्याळाच्या डबीत ठेवली आहे.